गाळात कासव निघालं? घरी नेऊ नका, आधी हे वाचा

बुलढाणा : एप्रिल-मे आला की जिल्ह्यातल्या तलावांत जेसीबी उतरतात. २०१८ ला 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' मोहिमेत तर जिल्हाभर गाळ निघाला, शेतात पडला. काम चांगलंच. पण त्या ओल्या ढेकळांतून कधी एखादं कासव बाहेर येतं आणि गर्दी जमते. कोणी म्हणतं लक्ष्मी आली, घरी ठेवा. कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकतं. मग कोणीतरी भाव विचारायला येतं. भानगड इथूनच सुरू होते.

आपल्याकडे विहिरीत, तळ्यात, कालव्यात दिसणारं कासव बहुतेक वेळा मऊ पाठीचं असतं. कवचावर कातडी असते. पोटाखाली मागच्या बाजूला दोन झडपा असतात, पाय आत ओढले की त्या मिटतात. पाणी आटलं की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट पाहत पडून राहतं. त्यामुळे गाळात निघालेलं कासव मेल्यासारखं दिसलं तरी मेलंच असं समजू नये. बेडूक, गोगलगाय, मासे, पाण्यात मेलेलं जनावर, सगळं ते खातं. पाणी साफ ठेवणारा बिनपगारी गडीच म्हणा.

आता त्या 'वीस नखी' कासवाचं. गुप्तधन काढून देतो, पैशाचा पाऊस पाडतो म्हणणारे असं कासव मागतात. मऊ पाठीच्या कासवाच्या एका पायाला नखं तीनच असतात. चार पायांची झाली बारा. वीस आणायची कुठून? असल्या बोलण्यावर जमीन गहाण टाकण्याआधी नखं तरी मोजावीत. शिवाय राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

कासव पकडणं, घरी हौदात ठेवणं, विकणं, कापून खाणं, सगळाच गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड. 'आम्ही पूजेसाठी ठेवलं' हे कोर्टात चालत नाही.

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव शहरातून लपूनछपून विकत आणणारेही आहेत. तेही त्याच यादीत. ते कोरड्या जमिनीवरचं, त्याला पोहता येत नाही. दया येऊन विहिरीत सोडलं तर बुडून मरतं. ते वन विभागाकडेच द्यावं.

कोकणात याच्या उलट घडलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात समुद्री कासवांची अंडी लोक काढून नेत. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेसोबत गावकरी ती राखायला लागले. आज पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येतात, गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. चार पैसे गावात राहतात.

गाळ काढताना कासव दिसलं तर मशीन थांबवा. तोंडाजवळ हात नेऊ नका, मान लांब असते आणि चावतं. कवचाला दोन्ही बाजूंनी, मागच्या अंगाने धरून ओल्या पोत्यावर ठेवा. जखम नसेल तर त्याच शिवारात जवळच्या पाण्याच्या काठाला सोडा. कवच फुटलं असेल तर वनरक्षकाला सांगा, किंवा वन विभागाच्या हेल्पलाईनला १९२६ वर फोन लावा.