वेढ्याची यंत्रे आणि बाराची दारू : काही गैरसमज

इतिहासकाळातील एखादा वेढा किंवा लढाई पोशाख, शस्त्रे आणि हालचालींसह लोकांसमोर पुन्हा उभी करणे, यास प्रस्तुत लेखात युद्धप्रयोग म्हटले आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकांतील देखावे आणि ‘जाणता राजा’सारखी महानाट्ये ही त्याची महाराष्ट्रात रुजलेली रूपे होत. अशा प्रयोगांत तलवारीबाबत पुष्कळ काळजी घेतली जाते, कारण तलवारीची धार डोळ्यांना दिसते. वेढ्याच्या यंत्रांत साठलेला जोर मात्र तो सुटेपर्यंत दिसत नाही, आणि त्यांच्याविषयीचे बहुतेक गैरसमज या न दिसण्यातूनच निर्माण झालेले आहेत.

मध्ययुगीन वेढा म्हटला की लांब दांड्याचे, धोंडे फेकणारे यंत्र डोळ्यांसमोर येते आणि ते केवळ युरोपातले होते असे मानले जाते. वस्तुस्थिती अशी की, मंजनीक या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रे भारतात आठव्या शतकात सिंधमधील देवल बंदराच्या वेढ्यात वापरली गेली होती, आणि १३०१ मध्ये रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खलजीचा सरदार नुसरत खान हा किल्ल्यातून फेकलेल्या धोंड्यानेच जखमी होऊन मरण पावला. परंतु २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला, तोवर मंजनिकांचा काळ मागे पडून तोफा, सुरुंग आणि दमदमे, म्हणजे तटावर मारा करता यावा म्हणून उभारलेले उंच चौथरे, यांचा काळ आलेला होता. म्हणून सिंधुदुर्गाच्या प्रसंगात मंजनीक दाखवणे हा कालविपर्यास ठरतो, तर तोफ दाखवणे योग्य असले तरी तिच्यासोबत दारूचा प्रश्न येतो.

या प्रश्नातील सर्वांत घातक समजूत अशी आहे की, गोळा न घालता नुसत्या दारूचा बार काढला तर त्यापासून अपाय होत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणाचे, म्हणजे साधारणतः ७५, १५ आणि १० अशा प्रमाणात केलेल्या काळ्या दारूचे, पेट घेताच क्षणार्धात तापलेल्या वायूंत आणि धुरात रूपांतर होते व तो सारा लोट तोफेच्या तोंडातून ज्वाळेसह बाहेर पडतो. समोर गोळा नसला तरी जवळ उभ्या माणसाला भाजण्यास आणि त्याचे कान व डोळे कायमचे निकामी करण्यास तो पुरेसा असतो. त्यातच आवाज मोठा व्हावा म्हणून दारूवर चिंध्यांचा, कागदाचा किंवा मातीचा बोळा ठासला जातो, आणि मग तो बोळा हाच गोळा होतो. अधिक दारू म्हणजे अधिक शोभा हे समीकरणही चुकीचे आहे, कारण प्रेक्षकांना लांबून जाणवतो तो धूर आणि नाद, तर वाढलेला दाब सोसावा लागतो तो तोफेच्या भिंतींना आणि तिच्याभोवतीच्या गोलंदाजांना.

तोफ फुटते तेव्हा पहिला बळी शत्रूचा पडत नाही, हे इतिहासात वारंवार घडलेले आहे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःच्याच सैन्याची तोफ फुटून ठार झाला, आणि तो तोफेपुढे नव्हे तर तिच्या शेजारी उभा होता. तोफेच्या तोंडासमोरून माणसे हटवली की काम झाले, ही समजूत या एका घटनेने खोटी ठरते. धोक्याचे क्षेत्र पुढे सर्वांत लांब असते, परंतु ते बाजूंना आणि मागेही असते, कारण मोकळा तोफगाडा बार होताच मागे धावतो.

किनाऱ्यावरील किल्ल्यांत पडून असलेल्या जुन्या तोफांविषयी असे म्हटले जाते की, तीन शतके टिकलेले लोखंड एक बार सहज सोसेल. खाऱ्या हवेत आणि पाण्यात ओतीव लोखंडाचे काय होते हे जवळून पाहिले तर या म्हणण्यात तथ्य उरत नाही. ओतीव लोखंडात कोळशाचा अंश ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशासारख्या पदार्थाच्या, पापुद्र्यांच्या रूपाने असतो. मीठ हळूहळू लोखंड खात जाते आणि ग्रॅफाइटचा सांगाडा तसाच उभा ठेवते, त्यामुळे तोफेचा घाट, तिच्यावरील कडी आणि कधीकधी अक्षरेसुद्धा शाबूत दिसतात, पण पृष्ठभाग चाकूने खरवडता येण्याइतका मऊ झालेला असतो. बांगडी तोफ, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर तापवलेली कडी चढवून घडवलेली तोफ, हिची सांधेजोड आतून गंजलेली असली तरी बाहेरून कळत नाही. शिवाय अशा तोफा या पुरावस्तू असून त्यांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण आहे. त्यांत दारू ठासणे हा माणसांना धोका आहे तसाच वारशाचा नाशही आहे. बार काढायचाच असेल तर तो त्यासाठी नव्याने घडवलेल्या आणि दाबाची चाचणी झालेल्या तोफेतूनच काढला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी दारू १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली व शस्त्रे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येत असल्याने परवानगीशिवाय यातील काहीही करता येत नाही.

याउलट, लाकडी किंवा फायबरची तोफ हलकी असल्यामुळे सुरक्षित आहे, असा समज देखावे उभारणाऱ्या मंडळांत आढळतो, आणि त्याच्या समर्थनार्थ रामशेजचे उदाहरण दिले जाते. नाशिकजवळच्या या किल्ल्यास १६८२ मध्ये मोगलांचा वेढा पडला, तेव्हा किल्ल्यावर लोखंडी तोफा नसल्याने किल्लेदाराने लाकूड पोखरून आणि त्यावर कातडे मढवून तोफा केल्या, असे इतिहासकार खाफीखानाने नोंदवले आहे. तो युद्धातील निकराचा उपाय होता आणि त्यात शिबंदीने पत्करलेली जोखीम देखाव्यासाठी पत्करण्याचे काहीही कारण नाही. आत सुतळी बॉम्ब टाकलेली फायबरची तोफ तुकड्यांनी उडते. कोकणातील बागांतून माकडे हाकलण्यासाठी जी कार्बाइडची नळी वापरली जाते, ती तर याहून फसवी आहे: कार्बाइडवर पाणी पडताच ॲसिटिलीन वायू तयार होतो व तो ठिणगीने पेटतो, पण वेळेवर पेटला नाही म्हणून कोणी नळीत डोकावले की ज्वाळेबरोबर दाहक चुन्याचे कणही डोळ्यांत जातात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच प्रकारच्या नळ्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. देखाव्यातील हलकी तोफ ही केवळ आकृती असावी, आणि धूर व आवाज तिच्यापासून दूर, वेगळ्या साधनाने निर्माण करावेत.

दारू नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत मंजनिकाच्या बाबतीत तितकीच चुकीची ठरते. या यंत्रात दांड्याच्या आखूड टोकाला वजन आणि लांब टोकाला गोफण असते. शंभर किलोचे वजन दोन मीटर खाली येते तेव्हा सुटणारी ऊर्जा सुमारे दोन हजार जूल, म्हणजे सत्तर किलोचा माणूस जवळजवळ तीन मीटर उंचीवरून आदळावा इतकी असते. गोफणीत धोंडा नसताना दांडा सोडला तर ही सारी ऊर्जा घेण्यास कोणी उरत नाही आणि ती चौकटीतच जिरते, म्हणून ‘रिकामे चालवून पाहू’ असे म्हणणे हे यंत्र मोडण्यास आमंत्रण आहे. गोफण वेळेआधी सुटली तर गोळा उंच जाऊन मागेही पडू शकतो, उशिरा सुटली तर समोरच जमिनीवर आदळतो. मासेमारीत वापरून उन्हाने झिजलेला नायलॉनचा दोर अशा यंत्राला बांधणे विशेष धोक्याचे आहे, कारण नायलॉन ताणला जातो आणि तुटताच चाबकासारखा उलटा येतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हा नियम त्यातूनच आला आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम’ या संस्थेच्या लढतींत चिलखत घातलेल्या माणसांवर मारा केला जातो, परंतु मारा करण्याच्या वस्तू फोमसारख्या मऊ असतात आणि प्रत्येक यंत्र वापरापूर्वी तपासले जाते. गोळा मऊ असला तरी दांडा लाकडाचाच असतो, आणि तो चालवणाऱ्यांच्या डोक्यांपासून हातभर अंतरावरून फिरतो.

आग हा स्वतंत्र विषय आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा एक तोफगोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडून आग लागली व ती एका जहाजावरून दुसऱ्यावर जात तुळाजी आंग्र्यांचे जवळजवळ सारे आरमार भस्मसात झाले. आग लागण्यास एक ठिणगी पुरते आणि पसरण्यास शेजार पुरतो. मालवणच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, शिवजयंतीच्या दिवसांत गवत वाळलेले असते, आणि सुरूच्या बनाखाली पाचोळ्याचा थर असतो. जळते गोळे फेकण्याचा मोह येथे पूर्णपणे टाळलाच पाहिजे. दारू दमटपणामुळे निकामी झाली असे समजून ती कोपऱ्यात टाकून देणेही चुकीचे आहे, कारण वाळताच ती पुन्हा पेट घेते.

प्रत्यक्ष किल्ला हीच प्रयोगाची सर्वोत्तम जागा, असेही मानले जाते. सिंधुदुर्ग हे केंद्र-संरक्षित स्मारक असून जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी होडीखेरीज तेथून बाहेर पडण्याचा मार्ग नाही, आणि भाजलेल्या माणसाला होडीची वाट पाहत ठेवता येत नाही. किल्ला पाठीमागे दिसेल अशी किनाऱ्यावरील मोकळी जागा या कामास अधिक योग्य आहे.

सुरक्षेचे नियम पाळले की प्रयोग खोटा वाटू लागतो, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते आणि तिला सर्वांत कमी आधार आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात रात्रभर रंगणाऱ्या दशावतारात युद्ध हे ताल धरून केलेले नृत्य असते, आणि तरीही राक्षस पडतो तेव्हा प्रेक्षकाला ते खरेच वाटते. शिवाय तोफेच्या बाबतीत नियम हाच इतिहास आहे. बार झाल्यावर नळीत धुमसणारे अवशेष उरतात, म्हणून पुढची दारू घालण्यापूर्वी ओल्या बोळ्याने नळी पुसली जाई. पुसताना आणि ठासताना एक जण चामड्याचे आवरण घातलेला अंगठा तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रावर, दाबून धरी, जेणेकरून हवेचा झोत लागून निखारा फुलू नये. दारू ठासण्याचा गज धरणारा तोंडासमोर न येता बाजूला उभा राही व अंगठा गजाभोवती गुंडाळत नसे, म्हणजे अवेळी बार झालाच तर गज हातातून निसटावा, हात त्याच्याबरोबर जाऊ नये. दारू मोठ्या भांड्यातून थेट ओतली जात नसे, मोजलेल्या थैलीतूनच जाई, आणि बत्ती देण्याचा पेटता तोडा दारूच्या पेटीपासून दूर राही. हे सारे दाखवणारा प्रयोग प्रेक्षकांना तोफखान्याचे खरे काम दाखवतो. हे गाळून नुसता धमाका दाखवणारा प्रयोग गोलंदाजाचे कसबच गाळून टाकतो.

बत्ती देऊनही बार न झाल्यास तोफ निकामी झाली असे समजू नये, कारण आत धुमसणारी दारू काही वेळाने पेटू शकते. तोफेचे तोंड मोकळ्या दिशेलाच ठेवावे, कोणीही पुढे जाऊ नये, ठरवून दिलेला वेळ थांबावे आणि नंतर बाजूला उभे राहून कानातून पाणी सोडावे. प्रयोग संपल्यावरही नळी भिजवून पुसली जाते, मंजनिकाचे वजन टेकवून दोर सैल केले जातात, उरलेल्या थैल्या मोजून नोंदीशी ताडल्या जातात, आणि तो हिशेब जुळल्यानंतरच प्रेक्षकांसमोरचा दोर काढला जातो.