पुढच्या ड्युटीला सांगून जा

सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरचा दिवस असा तीन पाळ्यांत वाटलेला. एक पाळी संपून दुसरी सुरू होताना दहा-पंधरा मिनिटं जे बोलणं होतं, त्याला वॉर्डात 'ओव्हर देणं' म्हणतात. तीन नंबरचं सलाईन कितीला संपेल, सात नंबरची आजी रात्री उठून चालायला लागते, नऊ नंबरच्या नातेवाइकांशी जरा जपून. सिंधुदुर्गातली रुग्णसेवा कशावर चालते असं कुणी विचारलं, तर इमारती, यंत्रं आणि योजना यांच्या आधी मी या बोलण्याचं नाव घेईन. कॉलेजात न शिकवलेलं बरंचसं नर्सिंग इथे एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात जातं.

आधी जिल्हा समजून घ्यायला हवा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८,४९,६५१, म्हणजे २००१पेक्षा कमी. दर हजार पुरुषांमागे बायका १,०३६. अर्थ उघड आहे. कमावती माणसं मुंबईला, घरात म्हातारी माणसं. ओरोसला जिल्हा रुग्णालय, कणकवली-सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालयं, मालवण, देवगड अशा ठिकाणी ग्रामीण रुग्णालयं. २०२१-२२मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं. तरीही केस हाताबाहेर जातेय असं दिसलं की अजून ऐकू येतं ते 'बांबोळीक व्हरा', म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्या. नाहीतर घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. गोव्याने जानेवारी २०१८पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत केवढा संताप उसळला होता, हे वाचकांना आठवत असेल. संताप गोव्यावर कमी आणि आपल्याकडे काय आहे या प्रश्नावर जास्त होता.

आता एखाद्या ग्रामीण रुग्णालयातली पावसाळ्यातली रात्र घ्या. दारात रिक्षा थांबते आणि कुणीतरी ओरडतं, 'जनावर चावला!' कोकणात साप म्हणत नाहीत, निदान रात्री तरी नाही. फुरसं असेल तर विष रक्तावर जातं, रक्त गोठायचं थांबतं. नव्या सिस्टरला इथे जुनी सिस्टर पहिली गोष्ट शिकवते ती काचेच्या नळीची. दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग अलगद तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठत नाहीये, प्रतिविष लागणार. नळी प्लास्टिकची नको आणि साबणाने धुतलेलीही नको, कारण दोन्हीत निकाल चुकतो. म्हणून अनुभवी सिस्टर अशा चार-सहा नळ्या इमर्जन्सी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात वेगळ्या ठेवते आणि ओव्हर देताना मोजून दाखवते. आणि वीस मिनिटं म्हणजे घड्याळात बघून वीस. नातेवाईक डोक्यावर उभे असताना ती फार लांब असतात, आणि मधेच नळी उचलून बघण्याचा मोह नव्यांना हमखास होतो.

मग प्रतिविष. भुकटीच्या दहा कुप्या, प्रत्येकीत दहा मिली पाणी. घाईत जोरात हलवली की फेस होतो, म्हणून हातात हळूहळू फिरवत विरघळवायची. वॉर्डात एकटी सिस्टर असेल तर दहा कुप्या म्हणजे केवढं काम, ते तिलाच ठाऊक. सिनिअरचा सल्ला असा : आधी अॅड्रेनालीन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेव, मगच पहिली कुपी फोड. प्रतिविषाचीच रिअॅक्शन येऊ शकते. अंगावर गांधी, खाज, हुडहुडी, मग बीपी खाली. पहिली काही मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही, बाकीचा वॉर्ड मावशीच्या, म्हणजे वॉर्डातल्या आयाच्या नजरेखाली. आणि लहान मूल आलं तर डोस अर्धा करायचा नाही, कारण सापाने विष वजन बघून घातलेलं नसतं. हे वाक्य पुस्तकात वाचून विसरायला होतं, सिनिअरने एकदा दरडावून सांगितलं की विसरत नाही.

विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला शिकवलं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गोळी साधी, पण ती दिल्यावर रुग्ण एकदम उठून बसू नये, बीपी कोसळतो, ही पाळत कुणाची? सिस्टरचीच.

किनाऱ्यावरचं दुखणं आणखी वेगळं. रापणीत किंवा होडीवर शिंगाळा माशाचा काटा घुसलेला, पाकट माशाच्या शेपटीचा फटका बसलेला माणूस विव्हळत येतो. हे विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. मात्र पाणी किती गरम ते दुखऱ्या पायाने ठरवायचं नाही, चांगल्या पायाने तपासायचं, नाहीतर बधिर पाय भाजून निघतो. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, भातलावणीबरोबर येतो, तेव्हा तापाच्या प्रत्येक रुग्णाला 'चिखलात होतास काय?' हा प्रश्न सवयीने विचारला जातो आणि लघवी किती झाली ते डोळ्यांत तेल घालून लिहिलं जातं. माकडतापाचं मूळ कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात, १९५७चं. आपल्याकडे तो २०१६मध्ये दोडामार्गातल्या केर गावात सापडला आणि पुढे बांद्याच्या परिसरात पसरला. काजूच्या बागेत पाचोळा तुडवणाऱ्या बाईला गोचीड चावल्याचं आठवत नसतं. विचारायचं ते 'बागेत गेल्लंस काय, माकड मेल्ला दिसला काय?'

हे प्रश्न मालवणीतून विचारता आले पाहिजेत, आणि इथेच बाहेरून आलेल्या मुलींची पंचाईत होते. विदर्भ-मराठवाड्यातून बदलीने आलेली सिस्टर पहिले काही आठवडे नुसती ऐकत राहते. 'आंग मोडान इला' म्हणजे तापाची सुरुवात समजायची, आणि 'काळजात कसातरी होता' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा ईसीजी आधी काढायचा, गॅसची गोळी नंतर. हा शब्दकोश कुणी छापलेला नाही. शेजारच्या वॉर्डातली स्थानिक सिस्टर, बहुतेक वेळा मावशीच, तो पुरवते.

मावश्यांबद्दल एक बाजूला सांगतो. वॉर्डातल्या उतरंडीत त्या सगळ्यात खाली, पण कोणत्या घरात कोण बोललं म्हणजे सगळे ऐकतात, ही माहिती त्यांच्याकडे असते. नव्या डॉक्टरांनीही त्यांच्याशी गोड राहावं.

नातेवाईक हा स्वतंत्र विषय. आजी खाटेवर, शेजारी शाळकरी नातू, आणि निर्णय घेणारा मुलगा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर. संध्याकाळपर्यंत तीन मुलगे, एक जावई आणि वाडीतला पुढारी असे सगळे तेच विचारून जातात. यावर सिस्टर मंडळींनी काढलेला तोडगा साधा आहे. घरातलं एकच माणूस ठरवून घ्यायचं, त्याचा नंबर केस पेपरवर लिहायचा, माहिती त्यालाच. गाऱ्हाणं घालायला, अंगारा लावायला कुणी आलं तर हुसकून लावायचं नाही. अंगारा कपाळाला लागू दे, दोरा उजव्या हाताला बांधू दे, फक्त विगो (सलाईनची सुई) लावलेल्या हाताला काही नको. श्रद्धेशी भांडण घेतलं की रुग्ण रातोरात 'माका घराक जावचा आसा' म्हणून सही देऊन जातो, हे अनुभवाने कळलेलं आहे.

रात्री डॉक्टरांना फोन करायचा कसा, हाही धडाच. नवी मुलगी घाबरून 'सर, पेशंट बरा वाटत नाही' एवढंच सांगते आणि ओरडा खाते. जुनी सांगते : आधी बीपी, नाडी, ऑक्सिजन, लघवी कागदावर लिही, मग काय झालंय, आधी काय होतं, तुला काय वाटतं आणि काय हवं, एवढं चार वाक्यांत बोल. हीच पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून तिथल्या रुग्णालयांत गेली आणि तिला मोठं नावही मिळालं. आमच्या सिस्टर ती नावाशिवायच वापरत होत्या. फोनवर दिलेली ऑर्डर परत म्हणून दाखवायची, वेळ लिहायची, सकाळी सही घ्यायची. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे वाक्य प्रत्येक परिसेविकेच्या तोंडी असतं, आणि एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसमध्ये ते किती खरं ठरतं ते कोर्टात उभं राहिलेलीलाच कळतं.

सुई टोचण्याबद्दल मात्र आपण फार गप्प बसतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ. तरी घाईत टोचते, आणि मुलगी बोलत नाही, कारण ओरडा बसेल. सांगायचं ते एवढंच : जखम पिळू नको, साबण-पाण्याने धू, आणि लगेच कळव. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. कावीळ-ब लसीचे तीन डोस नोकरीच्या पहिल्या वर्षातच पुरे करावेत. जिथे इनचार्ज रागावत नाही तिथेच या घटना नोंदल्या जातात.

गणपतीत सगळा जिल्हा घरी येतो, सिस्टर ड्युटीवर जाते. रजेच्या वाटणीवरून वॉर्डात होणारी भांडणं बाहेर कळत नाहीत. तोडगाही आतच निघतो : ज्यांचा दीड दिवसाचा त्यांनी पहिली रजा घ्यायची, गौरीवाल्यांनी नंतर. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर कॅलेंडरात नसतेच, देवीच्या कौलाने ठरते, आणि ठरली की लागलीच आरोग्य पथकाच्या ड्युट्या. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आणि कित्येक गावांत पुढे अनेक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात ऑक्सिजन सिलिंडरचा काटा आणि बॅटरी बघूनच ओव्हर घ्यायची, हा धडा त्या दिवसांनी पक्का केला.

ओव्हर देण्याची सगळ्यात लांब परंपरा मुंबईच्या केईएममध्ये चालली. कारवार किनाऱ्यावरच्या हळदीपूरची अरुणा शानबाग ही तिथली नर्स २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच एका सफाई कामगाराच्या हल्ल्यात कायमची जायबंदी झाली आणि १८ मे २०१५ला गेली. या सुमारे साडेएकेचाळीस वर्षांत नर्सेसच्या पिढ्या निवृत्त झाल्या, हल्ल्याच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुली तिची कूस बदलत राहिल्या. इतकी वर्षं पडून असलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ दिलं नाही, याची दखल २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेतली. पण तिच्यावर हल्ला झाला तो रुग्णालयाच्या आतच, हे विसरू नये. महाराष्ट्रात रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध २०१०पासून कायदा आहे. तरी रात्री एकटीने दुसऱ्या इमारतीत जाऊ नकोस, वॉर्डबॉय मामाला बरोबर ने, हा सल्ला आजही नव्या मुलीला पहिल्याच रात्री दिला जातो. कायद्यापेक्षा त्या सल्ल्याचा तिला जास्त आधार वाटतो, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

आता माझं खरं म्हणणं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि शिकवण्याच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स असं आहे. रात्री वॉर्डात उभं राहून कुणीही मोजून बघावं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६मध्ये नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. २०२२मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा बातम्या रुग्णांच्या हालांच्या आल्या. कंत्राटाने काय मोडतं हे मात्र कुणी नीट लिहिलं नाही. अकरा महिन्यांनी जाणारी मुलगी काचेच्या नळ्या कुठे ठेवायच्या हे शिकते तोवर तिची जाण्याची वेळ होते. शिकवणारी निवृत्त, शिकणारी कंत्राटी, मधे कुणीच नाही. दोन पाळ्यांत अर्ध्या तासाचा पगारी जोड ठेवणं आणि प्रत्येक वॉर्डात एक तरी कायमची अनुभवी सिस्टर राहील अशा बदल्या करणं, एवढं सरकारला नव्या इमारतीपेक्षा नक्की स्वस्त पडेल.

आणि हा अंक वाचणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती. गावी आईबाबांच्या घरात, फोनच्या शेजारी एक कागद चिकटवून या : चालू गोळ्यांची नावं, कशाची अॅलर्जी आहे, आणि माहिती घेणाऱ्या एकाच माणसाचा नंबर. अर्ध्या रात्री १०८मधून आई वॉर्डात पोचेल तेव्हा तिथल्या सिस्टरला पहिल्यांदा तोच कागद लागेल.