तळे कुठे गेले? जुन्या नकाशाला विचारा!

लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, हुबळीला गेलेला माणूस कोप्पीकर रोडवर एक फेरी मारल्याशिवाय परतत नाही. पण जूनच्या एखाद्या संध्याकाळी धो धो पावसात तुम्ही याच बाजारपेठेत अडकलात, तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून एक प्रश्न जरूर मनात येतो. हे एवढे पाणी आता निघाले कुठे? आणि दुकाने, रस्ते, गटारे नव्हती तेव्हा ते जात कुठे होते?

याचे उत्तर एका कागदावर मिळते. शाळेत आपण त्याला ‘स्थलनिर्देशक नकाशा’ म्हणायचो. भूगोलाच्या परीक्षेत पाच-दहा गुणांसाठी त्यातली चिन्हे पाठ केली आणि पुढे विसरून गेलो. मी भूगोलाचा शिक्षक, म्हणून माझी मात्र त्यातून सुटका झाली नाही. निवृत्तीनंतर तर त्याचा नादच लागला.

इंचात मावलेला मैल

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना 1767 सालची. 1905 नंतर या खात्याने सगळ्या देशाचे रंगीत नकाशे नव्याने करायला घेतले. एक इंच म्हणजे एक मैल, हे त्यांचे माप. पुढे मेट्रिक पद्धत आली आणि 1 : 50,000 हे माप रूढ झाले. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. या मापात अख्खा कोप्पीकर रोड जेमतेम नखाएवढा! म्हणून शहरापेक्षा भोवतालची खेडी बघायलाच हा नकाशा जास्त उपयोगी.

हुबळीच्या पत्रकाचा जुना क्रमांक 48 एम/3. एक पत्रक साधारण 27 किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद मुलूख दाखवते. धारवाड नेमके 75 रेखांशाच्या काठावर असल्याने ते पुरते पाहायचे तर शेजारचे 48 आय/15 पत्रकही जोडून घ्यावे लागते. निळा रंग पाण्याचा, पिवळा शेतीचा, हिरवा झाडीचा, तांबडा वस्तीचा आणि तपकिरी रेषा उंचीच्या. एवढे ध्यानात ठेवले की निम्मा नकाशा वाचता आला म्हणून समजा.

या तपकिरी रेषांवरून बोट फिरवले की आपल्या भागाचे एक गुपित कळते. हुबळी-धारवाडचा हा पट्टा म्हणजे पाणी दुभंगणारी पाठ आहे. धारवाडजवळ सोमेश्वराला उगम पावणारी शाल्मला पश्चिमेकडे वळून बेडतीच्या वाटेने अरबी समुद्र गाठते. पूर्वेच्या काळ्या रानातला बेण्णीहळ्ळ मलप्रभेला मिळतो, तिथून कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. अशा जागी मोठी नदी नसते. म्हणून जुन्या लोकांनी ओढ्याओढ्यावर बांध घालून तळी केली. कानडीत त्याला ‘केरे’ म्हणतात. उणकलचे तळे सर्वांच्या ओळखीचे. धारवाडचे साधनकेरी कवी द. रा. बेंद्रे यांच्यामुळे प्रसिद्ध झाले. पण खेडोपाडीची बिननावाची लहान तळी फक्त नकाशातच शिल्लक आहेत.

नावे फसवतात

गावांची नावे वाचताना आपली मराठी मंडळी हमखास गोंधळतात. ‘केरे’ म्हणजे तळे, पण ‘केरी’ म्हणजे आळीही असू शकते. ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा आणि ‘हळ्ळी’ म्हणजे गाव. ‘बावी’ म्हणजे विहीर. नुसत्या नावावरून ‘इथे तळे होते’ असे ठोकून देऊ नये. नकाशात ओढा, त्याच्यावर आडवी बांधाची रेघ आणि रेघेच्या वरच्या अंगाला निळे पाणी, हे तिन्ही दिसले तरच तळे समजावे.

एका गावाची गोष्ट

हुबळीच्या पूर्वेला काळ्या जमिनीतले एक खेडे. प्रकरण अजून मिटलेले नाही, म्हणून नाव लिहीत नाही. गावाशेजारची एक सखल जागा सपाट करून तिथे प्लॉट पाडायचे चालले होते. ‘ती पूर्वीपासून पडच आहे,’ असे सांगणारे पुष्कळ. ‘आम्ही नव्या सुना होतो तेव्हा तिथून घागरी भरून आणत होतो,’ असे सांगणाऱ्या दोन-तीन आजीबाई. आजीबाईंचे कोण ऐकतो?

मी एक इंची जुने पत्रक, नंतरचे 1 : 50,000 चे पत्रक आणि उपग्रहाचे चित्र अशी तिन्ही एका मापात आणून शेजारी मांडली. पहिल्यात ओढा, बांध आणि निळे पाणी स्वच्छ दिसत होते. शिवाय बांधाच्या खालच्या अंगाला विहिरींची चिन्हे दाटीने होती. दुसऱ्यात बांध होता, पण पाणी नव्हते. उपग्रहाच्या चित्रात बांधही नव्हता. मग विहिरी पाहायला गेलो. बहुतेक कोरड्या. तळ्याचे पाणी जमिनीत मुरून त्या विहिरींना येत होते, हे आता कोणी वेगळे सांगायला नको. गावात उन्हाळ्यात टँकर येतो. पंचायतीने मोजणी मागितली आहे.

नकाशाला मर्यादाही आहेत. कागदावर सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगवेगळे असते. आपल्याला हवे ते सर्वेक्षणाचे. सर्वेक्षक उन्हाळ्यात आला असेल तर भरणारे तळेही कोरडे दिसेल. जुन्या पत्रकाचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये घातले तर जागा काहीशे फूट सरकते. तेव्हा देऊळ, पूल, रेल्वेमार्ग अशा न हललेल्या खुणा आधी जुळवून घ्याव्यात.

मुख्य म्हणजे हा नकाशा मालकीचा पुरावा नव्हे. त्यासाठी गावनकाशा आणि उतारा पाहिजे. आपल्या दक्षिण महाराष्ट्र मुलखाची जमीन मोजणी 1840च्या दशकात कॅप्टन विंगेट यांच्या देखरेखीखाली झाली. 33 फुटांची साखळी त्या मोजणीतली. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. स्थलनिर्देशक नकाशा ‘इथे पाणी होते’ एवढे सांगतो. ‘ही जागा कोणाची’ हे गावनकाशा सांगतो. दोन्ही हातात असले तर बोलणे वजनाचे होते.

आणि कायदाही पाठीशी आहे. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात गावच्या तळ्यावरचे अतिक्रमण बेकायदा ठरवले. गावाच्या सामायिक जागा मोकळ्या करण्याची योजना करा, असे सर्व राज्यांना बजावले.

मुलांच्या हाती द्या

ब्रिटनमध्ये 1930 नंतर प्राध्यापक डडली स्टँप यांनी देशभरच्या शाळकरी मुलांना नकाशे देऊन कुठे शेत, कुठे कुरण, कुठे रान हे रंगवून घेतले. आपल्या शाळांनी एका गावापुरते तरी करून पाहावे. पूर्वी हे नकाशे मिळणे जिकिरीचे होते. 2005च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आली आणि 2021 साली नियम आणखी सैल झाले. अमेरिकन लष्कराने 1950च्या दशकात छापलेले 1 : 2,50,000 मापाचे भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांना मोफत खुले केले आहेत. कर्नाटकात सर्व्हे नंबर पाहायला ‘दिशांक’ हे मोबाइल ॲप आहे. जुन्या नकाशांत गावांची स्पेलिंगे वेगळी असतील, तेवढी सवय करून घ्यावी लागेल.

आज हुबळी-धारवाड सवदत्तीजवळच्या रेणुकासागराचे, म्हणजे मलप्रभेचे पाणी पिते. नविलुतीर्थचे ते धरण 1972 सालचे. त्याआधीच्या नकाशात त्या जागी पाणी नाही, शेते आणि वस्त्या आहेत. दूरवरून पाणी आणायची सोय झाली आणि दारचे तळे नजरेआड झाले. पुढच्या उन्हाळ्याच्या आत आपल्या गावाचे पत्रक मिळवा, ज्यांनी त्या तळ्यावर घागरी भरल्या त्या आजीबाईंना शेजारी बसवा आणि निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून विचारा. त्या आहेत तोवरच हे जमेल.