थार-जिम्नीच्या टपावर कॅरिअर बसवताय?
भोरहून वरंधा घाट किंवा वेल्ह्याहून केळद-मढे घाट करायचा असेल, तर कॅरिअर घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. त्यातल्या छताच्या वजनमर्यादेत कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हेच बहुतेक जण विसरतात! जाड लोखंडी जाळी त्यातला मोठा वाटा आधीच खाऊन टाकते. अ‍ॅल्युमिनियम महाग, पण हलकं, आणि मावळातल्या पावसात लोखंडासारखं गंजत नाही. जिम्नीच्या छताला कडेने पन्हळ आहे, तिथे क्लॅम्प बसतात. उगाच भोकं पाडू नका, गळेल. थारच्या कापडी छतावर तर भार टाकायचाच नाही, वेगळी चौकट लागते. पाण्याचे कॅन, स्टेपनी खालीच ठेवा. टप जड झाला की वळणावर गाडी जास्त झुकते. वर तंबू, गाद्या पुरे. आणि पावसाळ्यात वरंधा बऱ्याचदा बंद असतो, चौकशी करूनच निघा.