हुकूमनाम्याची किंमत किती?

(सेनगाव येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा मास्तर कोर्टकचेरीवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण विषय न्यायाचा आहे, आणि न्याय हा आमच्या शास्त्राचा सगळ्यात जुना प्रश्न. आज तो मी बाजाराच्या बाजूनं विचारणार आहे. कोर्टाचा निकाल रोख पैशाला विकायला काढला, तर त्याचे किती येतात?

सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो. 1964 च्या सुमाराची. वडिलांनी एका आडत्याला कापूस घातला, पैसे बुडाले. दावा लावला, तीन वर्षं तारखा केल्या, आणि 1,800 रुपयांचा हुकूमनामा हातात पडला. घरी पेढे वाटले. पुढं दरखास्त दिली. बेलिफ जायचा तेव्हा आडत्या घरी नसायचा. दीड वर्ष असंच गेलं. बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ आले न् म्हणाले, "अण्णा, ते कागद मला द्या, 500 रुपये रोख घ्या." वडिलांनी दिले. पुढं कळलं, की हे गृहस्थ आडत्याचे साडू, आणि 500 रुपयेही आडत्याचेच. म्हणजे 1,800 चं देणं त्यानं 500 मध्ये फेडलं, आणि वडिलांच्या सहीचा कागदही मिळवला.

यात बेकायदा काय होतं? खरं तर फारसं काही नाही. हुकूमनामा विकता येतो. नुसता 'दावा लावण्याचा हक्क' विकता येत नाही, असं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. पण एकदा निकाल लागून रक्कम ठरली, की ती मालमत्ता झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 16 प्रमाणे लेखी हस्तांतर झालं, की घेणारा स्वतःच्या नावानं दरखास्त देऊ शकतो. कोर्ट मूळ डिक्रीदाराला आणि ऋणकोला नोटीस काढतं, हरकती ऐकतं. आणि कलम 49 सांगतं, की मूळ डिक्रीदाराविरुद्ध ऋणकोला जी न्याय्य सवलत मागता आली असती, ती घेणाऱ्याविरुद्धही मागता येते.

आता भाव कसा ठरतो ते बघा. समजा, 1 लाखाचा हुकूमनामा आहे, वर 6 टक्के सरळ व्याज. कलम 34 खाली साध्या व्यवहारात निकालानंतर याहून जास्त व्याज मिळत नाही. वसुलीला 10 वर्षं लागली, तर हातात 1 लाख 60 हजार. पण घेणाऱ्याला आपला पैसा दुसरीकडं 12 टक्के चक्रवाढीनं लावता येत असेल, तर 10 वर्षांनंतरच्या 1 लाख 60 हजारांची आजची किंमत होते साधारण 51,500. वसुलीची खात्री निम्मीच असेल, तर 25,750. त्यातून वकील, खेपा, बेलिफाचा खर्च वजा करा. कुणी कुणाला फसवलेलं नाही, तरी लाखाचे वीस हजार झाले! आणि ऋणकोकडून बघा. सावकाराकडं पैसा काढायला गेलं तर किती व्याज पडतं, तुम्हाला सांगायला नको. इथं 6 टक्क्यांत वापरायला मिळतो. तो घाई कशाला करेल?

म्हणजे ही सूट मुख्यतः उशिराची आहे. हे आजचं दुखणं नाही. निकाल मिळाल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं 1872 मध्येच म्हटलं होतं. 2021 मध्ये राहुल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, नाही जमलं तर कारणं लिहा. 2025 मध्ये देशभरातून आकडे मागवले, तेव्हा 8 लाख 82 हजारांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं निघालं. त्यातल्या 3 लाख 40 हजारांच्या वर एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या.

पण थांबा. किंमत कमी होण्याचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते चांगलं आहे. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बी-बियाणं, राहतं घर कलम 60 खाली जप्तीतून वगळलेलं आहे. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, की केवळ गरिबीमुळं पैसे देता येत नसतील, तर माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. यामुळंही हुकूमनाम्याचा भाव उतरतो. उतरू द्या. ही कायद्याची दया आहे. ती उशिराची सूट मात्र कायद्याचा आळस आहे. बाजार दोन्ही एकाच भावात मिसळतो. आपण मिसळू नये.

दया नसेल तर काय होतं, तेही आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख दागिन्यांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळायचे होते. सावकाराच्या हातातला हुकूमनामा तेव्हा पुऱ्या किमतीचा होता. कूळ कोर्टात हजरही नसायचं, एकतर्फी निकाल व्हायचा, जमीन जायची. म्हणून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, आणि कोर्टानं रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासावा असं ठरलं. आपला हा भाग तेव्हा निजामाकडं होता, तो कायदा इथं नव्हता. पण सावकार इथंही होता.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. सावकाराच्या हातात कागद पूर्ण किमतीचा, माझ्या वडिलांच्या हातात चार आण्यांचा. शिक्का एकच, सही न्यायाधीशाचीच. फरक कशाचा? थांबण्याच्या ताकदीचा. ॲरिस्टॉटलनं म्हटलं, की न्यायाधीश बिघडलेली समानता पुन्हा जुळवतो. पण निकालानंतरही ज्याला थांबता येतं तोच जिंकत असेल, तर समानता फक्त कागदावर जुळली. रोखीनं विकताना वडिलांनी नुसतं येणं विकलं नाही, आपण दुबळे आहोत याची किंमतही मोजली.

म्हणून विकूच नका, असं मी म्हणणार नाही. पोरीचं लग्न, दवाखाना थांबत नाही. पण आधी चार गोष्टी करा. पैशाच्या हुकूमनाम्याला बजावणीची मुदत 12 वर्षं असते. किती उरली ते मोजा. आदेश 21, नियम 41 खाली ऋणकोकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. काय आहे ते कळल्याशिवाय भाव ठरवू नका. तालुका विधी सेवा समितीकडं जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि चौथी, वडिलांनी न केलेली: घेणारा ऋणकोचा कोण लागतो, ते विचारा. ऋणकोच मागं असेल, तर त्याच्याकडं पैसा आहे हे तिथंच सिद्ध झालं. मग 500 वर कशाला थांबायचं? तडजोड समोरासमोर करा, कोर्टात नोंदवा.

वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "केस मी जिंकलो होतो." ते खरंच होतं. ते जिंकणं त्यांनी कुणाला विकलं नव्हतं, विकता येतही नव्हतं. पण बहिणीच्या लग्नात त्याचा उपयोग झाला नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही खरी एका ठिकाणी आणणं, हे कोर्टाचं काम आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.