निवडुंग : खडकाळ उतारांचा राखणदार, मात्र जरा दुरून

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील वाचकांना मलंगगड व चंदेरीची डोंगररांग चांगली परिचित आहे. मार्च-एप्रिलमध्ये तेथील गवत वाळून पिवळे पडते, ओढे कोरडे होतात. अशा वेळी उघड्या कातळालगत काटेरी, मांसल खोडांची काही झुडपे मात्र हिरवी राहतात. हाच आपला निवडुंग. कुठे त्याला थोर, कुठे मिनगुट, तर कुंपणाला लावला जातो म्हणून वई निवडुंग म्हणतात. संस्कृत ग्रंथांत तो ‘स्नुही’ आणि ‘सुधा’ या नावांनी येतो.

आपण म्हणाल, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दुष्काळी वनस्पतीचे काय काम? उत्तर जमिनीत आहे. येथील बेसाल्टच्या उतारांवर मातीचा थर पातळ असतो. चार महिने कोसळणारे पाणी तेथे थांबत नाही. ते उल्हास नदीकडे धावते. उरलेले आठ महिने त्या कातळावरच्या झाडाला दुष्काळच असतो.

पाण्याची काटकसर

निवडुंग ही काटकसर दोन प्रकारे साधतो. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांशी जाड पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून पडतात. त्यानंतर अन्ननिर्मितीचा भार हिरवे खोड उचलते. खोडावरील सूक्ष्म रंध्रे प्रामुख्याने रात्रीच्या गारव्यात उघडतात. तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लरूपात साठवला जातो व दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, वापरला जातो. यामुळे बाष्परूपाने होणारा पाण्याचा नाश कमी होतो. ‘अशी झाडे रात्री ऑक्सिजन देतात, म्हणून शयनगृहात ठेवावीत’ हा प्रचार मात्र खरा नव्हे. ऑक्सिजनची निर्मिती प्रकाशातच होते.

येथे एक गल्लत टाळावी. चपट्या पानांसारख्या खोडांचा फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला कॅक्टस आहे. आपला निवडुंग युफोर्बिया कुळातील, याच भूमीतला. दोघांचे रूप सारखे दिसते, कारण कोरड्या परिस्थितीशी दोघांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग शोधला. युफोर्बियाची खोड दुखावताच पांढरा चीक स्रवतो. फड्या निवडुंगात तसा दुधाळ चीक नसतो.

इतर जीवांचा आसरा

चीक आणि काटे यांमुळे गुरे-शेळ्या या झुडपाला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच त्याच्या आत नाजूक वेली आणि इतर झाडांची रोपे चरण्यापासून सुरक्षित राहतात. कंदीलपुष्पाच्या काही जातींच्या वेली अशा झुडपांच्या आधारानेच वाढतात. बुंध्याशी पालापाचोळा व वाहून आलेली माती अडते. सरडे आणि लहान पक्षी तेथे आसरा घेतात. हिवाळ्याच्या अखेरीस, पाने गळालेल्या फांद्यांवर येणारी बारीक फुले मधमाश्या, माश्या व मुंग्यांना मधुरस पुरवतात. एका झुडपाने डोंगर सावरत नाही, हे खरे. परंतु असा हिरवा पुंजका उपटला की त्याच्या आधाराने जगणारी एक छोटी वसाहतही उठते.

औषध, पण घरगुती नव्हे

चरकसंहितेच्या कल्पस्थानात या वनस्पतीवर स्वतंत्र अध्याय आहे. चरकाचार्यांनी तिच्या चिकाची गणना अत्यंत तीक्ष्ण रेचकांत केली असून दुर्बल रुग्णांना तो देऊ नये, असे बजावले आहे. भगंदरावरील क्षारसूत्र चिकित्सेत याच चिकाचा उपयोग होतो. प्रचलित पद्धतीत दोऱ्यावर एकवीस लेप दिले जातात : अकरा केवळ चिकाचे, सात चीक व आघाड्याच्या क्षाराचे, आणि तीन चीक व हळदीचे. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला आधुनिक काळात पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत शस्त्रक्रियेच्या तुलनेत क्षारसूत्राने जखम भरण्यास अधिक काळ लागला. परंतु भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले.

यावरून कोणी घरीच चीक मोडावर, चामखिळीवर किंवा दुखऱ्या दाढेवर लावू नये. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात. पान भाजून त्याचा रस खोकल्यासाठी मुलांना देण्याची जुनी रीतही वैद्याच्या सल्ल्यावाचून अनुसरू नये.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना आहे. चीक डोळ्यात गेल्यास तीव्र आग होते, पारपटल सुजते. काही वेळा त्रास लगेच थोडा वाटतो व काही तासांनी वाढतो. अशा वेळी :

• डोळा चोळू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावा.
• तूप, दूध, मध किंवा घरातील जुने थेंब घालू नयेत.
• बरे वाटले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. शक्य असल्यास झाडाचे छायाचित्र सोबत न्यावे.
• त्वचेवर चीक सांडल्यास साबण-पाण्याने धुवावा. पोटात गेल्यास ओकारी काढू नये; रुग्णालय गाठावे.

हीच दक्षता सदनिकेच्या गॅलरीतही हवी. रोपवाटिकेतून आणलेला काटेरी, लाल फुलांचा युफोर्बिया आणि नाताळात मिळणारा पॉइन्सेटिया हे याच कुळातले. त्यांच्या चिकाची तीव्रता सारखी नसते. तरीही छाटणी हातमोजे व चष्मा घालूनच करावी आणि कुंड्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

डोंगरावर गेल्यावर मुलांना निवडुंग अवश्य दाखवा. फांदी मात्र मोडू देऊ नका, घरी आणू नका. त्याच्या जागी तो पाणी न मागता आपले काम करतो. त्याला तेथेच राहू देणे, यातच त्याचे आणि आपलेही आरोग्य आहे.