शोधशब्द त्या काळचा हवा

बऱ्याच जणांनी विचारलं, अमेरिकेच्या इतिहासावर प्रकल्प करायचा तर मूळ साधनं कुठून आणायची? मी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'पासून सुरुवात करतो. जुनी वर्तमानपत्रं, तीही फुकट. पण शोधशब्द त्या काळचा हवा हं! ४ सप्टेंबर १९०७ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये जमावाने लाकूड-गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना हुसकावलं. बहुतेक शीख. 'इंडियन' टाकलंत तर तिथले मूलनिवासीच समोर येतील. वर्तमानपत्रं यांना सरसकट 'हिंदू' म्हणायची, स्पेलिंगही कधी दोन 'ओ' घालून. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात, म्हणून तारीख धरून पानं डोळ्यांनीच चाळा. त्या बातम्यांत कामगारांचा स्वतःचा आवाज मात्र क्वचितच सापडतो. तो शोधायला मी मग साऊथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हकडे वळतो.